वीतभर उंचीचा मुलूख

मार्चच्या अंकात मी कोलंबियाच्या कासानारे भागाबद्दल दोन पानं लिहिली होती. तेलशोधाच्या सिस्मिक सर्व्हेवर (जमिनीत कंपनं सोडून खालचे थर ओळखायचं काम) भूवैज्ञानिक म्हणून 2010 ते 2014 अशी चार वर्षं मी तिथे काढली. अँडीज पर्वत आणि ओरिनोको नदी यांच्या मधलं ते गवताचं मैदान. कोलंबिया आणि व्हेनेझुएला मिळून ते सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर पसरलंय, म्हणजे दीड महाराष्ट्राहूनही मोठं. लेखावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देते आहे.

"ओरिनोकोच्या खोऱ्यातील गवताळ प्रदेशास लानोस म्हणतात" हे एक वाक्य आम्ही वर्षानुवर्षं मुलांकडून पाठ करून घेतो. तुम्ही 'यानोस' लिहिलंत. बरोबर काय? आणि सपाट मैदानात चार वर्षं पाहण्यासारखं असतं तरी काय? (भूगोल शिक्षिका, चोपडा)

बाई, स्पॅनिशमध्ये दोन 'ल' जोडून आले की उच्चार 'य' होतो. म्हणून यानोस. अर्थ साधाच, सपाट मैदानं. तिथे राहणारा तो यानेरो.

तुमचा दुसरा प्रश्न मला स्वतःलाही पडला होता. पहिल्या आठवड्यात मी गाडीतून उतरले तेव्हा चारही बाजूंना गवत आणि वर आभाळ, एवढंच होतं. सह्याद्री बघत वाढलेल्या माणसाच्या नजरेला तिथे धरायला काही सापडत नाही. अँडीजच्या पायथ्याचं व्हियाविसेन्सियो शहर समुद्रसपाटीपासून 467 मीटरवर आहे आणि मेता नदी जिथे ओरिनोकोला मिळते ते पुएर्तो कारेन्यो साधारण 50 मीटरवर. मध्ये सातशेच्या आसपास किलोमीटर. त्यातला बराचसा उतार डोंगराच्या पायथ्याशीच संपतो. पुढे पाण्याला कुठे जायचं तेच कळत नाही.

आमच्याबरोबर साठीचा एक यानेरो वाटाड्या होता. शाळेत न गेलेला, पायात काही नाही, टोपी मात्र कायम. फेब्रुवारीत आम्ही लेव्हल लावून एका रेषेवर उंची मोजत होतो. चालता चालता तो थांबला, अंगठ्याने जमीन दाबली आणि म्हणाला, "इथवर बांको. इथून पुढे बाहिओ." मला दोन्हीकडे सारखंच वाळकं गवत दिसत होतं. उंची मोजायची आकड्यांची काठी त्या जागेपलीकडे दहा पावलांवर धरायला लावली. फरक आला 38 सेंटिमीटर. पुढे आणखी अर्धा किलोमीटर गेल्यावर जमीन काळी, भेगाळलेली झाली, तेव्हा तो म्हणाला, "एस्तेरो." बांकोपासून तिथवर एकूण उतार दीड मीटरच्या आत होता.

त्याच वर्षी जूनच्या शेवटी मी त्याच रेषेवर परत गेले, या वेळी घोड्यावरून. त्याने अंगठा दाबला होता त्या जागेपर्यंत पाणी आलेलं होतं. चार बोटं इकडे नाही, चार बोटं तिकडे नाही. बांकोवर झाडं, गुरं आणि माणसाचं घर. बाहिओत घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाणी. एस्तेरोत घोडा पोहायला लागला.

बांको म्हणजे नद्यांनी पुराच्या वेळी काठावर टाकलेल्या गाळाचे बांध. नदी कधीच सोडून गेली असली तरी बांध राहतो. अँडीज झिजतो, त्याचा गाळ नद्या आणून टाकतात, हे लाखो वर्षं चाललंय. खाली चिकणमाती, त्यामुळे पाणी मुरत नाही. आणि पावसाळ्यात ओरिनोको स्वतः दहा मीटरहून जास्त चढते, तेव्हा उपनद्यांचं पाणी पुढे सरकायचं थांबतं आणि मागे फुगतं. म्हणून हा पूर बहुतेक ठिकाणी लोंढ्यासारखा येत नाही. तो जागच्या जागी वर येतो. तिथलं झाड, गवत, प्राणी, घर, सगळ्याची जागा त्या वीतभर, हातभर उंचीने ठरवलेली आहे. मुलांना एखादं वाक्य वाढवून सांगायचं असेल तर बाई, हे सांगा.

तुमच्या लेखात डिसेंबर ते मार्च उन्हाळा आणि एप्रिलनंतर हिवाळा असं आहे. विषुववृत्ताच्या उत्तरेला हे उलटं कसं? (परभणी)

उलटं नाही, शब्द वेगळे. ते लोक कोरड्या दिवसांना 'वेरानो' म्हणजे उन्हाळा आणि पावसाच्या दिवसांना 'इन्व्हिएर्नो' म्हणजे हिवाळा म्हणतात. तापमान वर्षभर जवळपास सारखंच. एप्रिल ते नोव्हेंबर पाऊस, डिसेंबर ते मार्च ईशान्येचा कोरडा व्यापारी वारा. आपल्या 'पावसाळा' आणि 'उघडीप' एवढ्या दोनच गोष्टी आहेत असं समजा.

मोबाइलवर कॅपीबाराचे व्हिडिओ पाहतो. तो खरंच इतका शांत असतो का? कुणालाही अंगावर बसू देतो ते खरं का? (इयत्ता आठवी, सातारा)

शांत असतो, हे खरं आहे. पक्षी त्याच्या पाठीवर बसतात आणि गोचिडी टिपतात, तेही मी कितीतरी वेळा पाहिलंय. पण तो गरीब आहे असं समजू नकोस. नर एकमेकांना चावून रक्तबंबाळ करतात, आणि धोका दिसला की कुत्र्यासारखा एकच भुंका टाकून अख्खा कळप पाण्यात उडी मारतो.

कासानारेत त्याला चिग्विरो म्हणतात. जगातला सगळ्यात मोठा कृंतक, म्हणजे उंदीर-खारीच्या गटातला. पूर्ण वाढलेला 50 किलोचा सहज असतो. डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला एका रेषेत, त्यामुळे अख्खं अंग पाण्यात ठेवून तो फक्त तेवढंच बाहेर काढतो. बोटांमध्ये थोडा पडदा असतो. पिल्लं जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गवत खायला लागतात आणि कळपातल्या कुठल्याही आईचं दूध पितात. नराच्या नाकावर एक काळा, चकचकीत उंचवटा असतो. ती वासाची ग्रंथी. तो ती झुडपांना घासत हिंडतो.

वर मी बांको, बाहिओ आणि एस्तेरो सांगितलं ना? चिग्विरोला तिन्ही लागतात. विश्रांतीला कोरडा बांको, चरायला बाहिओचं कोवळं गवत, लपायला, डुंबायला आणि जोडी जमवायला एस्तेरोचं पाणी. यातलं एक जरी नसलं तरी तिथे चिग्विरो नसतो. आणखी एक गोष्ट, तुला आवडणार नाही कदाचित. व्हेनेझुएलात ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, जेव्हा मांस वर्ज्य असतं, तेव्हा खारवून सुकवलेला चिग्विरो खातात. पाण्यात राहतो म्हणून तो माशाच्या पंक्तीला धरला गेला.

तिथे वाघ, सिंह, अस्वल आहेत का? तुमच्या लेखात तिन्हींचा उल्लेख आहे आणि दक्षिण अमेरिकेत तर यातलं काही नसतं असं मला वाटतं. (निवृत्त वनरक्षक, चंद्रपूर)

साहेब, तुमचं बरोबर आहे. चूक माझी, मी त्यांचे शब्द तसेच लिहिले आणि उलगडा केला नाही. स्पॅनिश लोक आले तेव्हा त्यांनी ओळखीची नावं अनोळखी प्राण्यांना दिली. 'तिग्रे' म्हणजे जॅग्वार. 'लेओन' म्हणजे प्यूमा. आणि 'ओसो पाल्मेरो', शब्दशः ताडाचं अस्वल, म्हणजे मोठा मुंगीखाऊ. शेपटी ताडाच्या झावळीसारखी झुपकेदार, म्हणून पाल्मेरो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो वारुळ फोडत होता. पुढच्या पायांची नखं इतकी लांब की चालताना ती आत वळवून तो मुठींवर चालतो. तोंडात एकही दात नाही. वारा आमच्याकडून त्याच्याकडे फिरला तसा तो मागच्या पायांवर उभा राहिला. वाटाड्याने माझा दंड धरून मला मागे ओढलं. त्या नखांनी जॅग्वारलाही फाडता येतं, असं तो नंतर म्हणाला.

मगरीच्या बाबतीत नावांचा घोळ आणखी मोठा. प्रत्येक डबक्यात दिसते ती दोन-अडीच मीटरची केमन, मगरीची धाकटी चुलतबहीण, तिला तिथे 'बाबिया' म्हणतात. आणि ते ज्याला 'काइमान' म्हणतात तो खरा क्रोकोडाइल आहे, ओरिनोको मगर. निमुळत्या तोंडाची, पाच मीटरपर्यंत वाढणारी, जगात फक्त ओरिनोकोच्या खोऱ्यात. विसाव्या शतकाच्या मधल्या तीस-चाळीस वर्षांत कातड्यासाठी ती इतकी मारली गेली की आज अति-संकटग्रस्त यादीत आहे. व्हियाविसेन्सियोला राष्ट्रीय विद्यापीठाचं रोबेर्तो फ्रांको केंद्र आहे. फेदेरिको मेदेम या प्राणिशास्त्रज्ञाने ते उभं केलं. तिथे अंडी उबवून पिल्लं वाढवतात आणि नद्यांत सोडतात. मी ती सिमेंटच्या हौदात पाहिली, मोकळ्या नदीत एकदाही नाही. चार वर्षांत एकदाही नाही.

चाळीस वर्षं लाइनमन म्हणून नोकरी केली. विजेचा मासा घोड्याला मारतो हे पटत नाही. किती व्होल्ट असतात? (वाई)

सहाशेच्या घरात. पण तुम्ही जाणता, नुसत्या व्होल्टने भागत नाही, धक्का किती वेळ आणि कुठून कुठे जातो हे महत्त्वाचं. त्या माशाचा प्रत्येक झटका 0.002 सेकंदाच्या आसपास असतो, पण तो एकापाठोपाठ एक शेकडो झटके सोडतो. त्याच्या अंगात सपाट चकत्यांसारख्या पेशी एकावर एक रचलेल्या असतात. एकेक पेशी जेमतेम 0.15 व्होल्टची, पण हजारो पेशी सिरीजमध्ये जोडलेल्या. अंगाचा बहुतेक भाग म्हणजे ही बॅटरीच, पोट आणि बाकीचे अवयव डोक्याजवळच्या थोड्या जागेत. गढूळ पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून तो दर थोड्या वेळाने वर येऊन तोंडाने हवा घेतो. यानेरो त्याला 'तेंब्लादोर' म्हणतात, थरथरवणारा.

घोड्यांची गोष्ट हुम्बोल्ट या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाची. मार्च 1800 मध्ये तो आणि त्याचा सोबती, वनस्पतिशास्त्रज्ञ बोंप्लां व्हेनेझुएलाच्या यानोसमधून जाताना कालाबोसो गावी थांबले. त्याला जिवंत मासे हवे होते. गावकऱ्यांनी तीसेक घोडे-खेचरं डबक्यात हाकलली. मासे चिखलातून उसळून घोड्यांच्या पोटाला चिकटले, काही घोडे बुडाले, आणि मासे थकल्यावर लोकांनी ते ओढून बाहेर काढले. पुढे दोनशे वर्षं बऱ्याच शास्त्रज्ञांना तुमच्यासारखंच ते पटलं नाही. 2016 मध्ये केनेथ कॅटानिया या अमेरिकन संशोधकाने प्रयोगशाळेत दाखवलं, की अंगावर येणाऱ्या अर्धवट बुडालेल्या वस्तूवर हा मासा पाण्यातून खरोखर उसळी मारतो आणि हनुवटी तिला टेकवून झटके देतो. जितका वर चढेल तितका धक्का जास्त, कारण वीज पाण्यात पसरत नाही, थेट समोरच्यात जाते. अर्थिंगचा हा भाग तुम्ही माझ्यापेक्षा चांगला समजावून सांगाल.

त्याच कालाबोसोत हुम्बोल्टला कार्लोस देल पोसो नावाचा माणूस भेटला. त्याने त्या गवताच्या मधोमध, नुसती पुस्तकं वाचून, स्वतःच्या हाताने विजेची यंत्रं बनवली होती. ज्या गावच्या डबक्यात निसर्गाची बॅटरी होती, त्याच गावात माणूस काचेच्या चकत्या फिरवून वीज काढत होता. मला या माणसाबद्दल फार माया वाटते.

आमचा गीर गाईंचा गोठा आहे. तिथली गुरं कुठल्या जातीची? माती कशी? (मिरज)

तुम्हाला ऐकून बरं वाटेल. तिथे सगळीकडे दिसणारी पांढरी, वशिंडाची गुरं 'ब्राह्मण' जातीची. ही जात अमेरिकेत घडली, आणि घडली ती भारतातून गेलेल्या गीर, कांक्रेज, ओंगोल आणि तुमच्या कृष्णाकाठच्या गुरांपासून. पहिल्या दिवशी बांकोवर उभा असलेला वळू बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याआधी स्पेनमधून आलेल्या गुरांची, तिथेच रुळलेली कासानारे जात होती. ती अजून आहे, पण थोडी. पुरात उभं राहून चरणारी, काटक.

दूध काढताना गाणं म्हणतात. प्रत्येक गाईला नाव असतं. पहाटे वासरू सोडायच्या आधी बाई किंवा बाप्या गाईचं नाव गुंफून संथ सुरात गातो, आणि कळपातून तीच गाय चालत पुढे येते. रात्री कळप बिथरू नये म्हणून राखण करणाराही गात फेऱ्या मारतो. यानोसची ही कामाची गाणी युनेस्कोने 2017 मध्ये तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घेतली. ट्रकमधून गुरं जायला लागली, तारेचं कुंपण आलं, आता गायचं कुणासाठी?

मातीचं म्हणाल तर मेता नदीच्या दक्षिणेची उंच मैदानं आंबट मातीची, ॲल्युमिनियम जास्त, चुना टाकल्याशिवाय पीक नाही. उत्तरेच्या पाणथळ भागात भात होतो. झऱ्यांच्या कडेने मोरिचे नावाच्या ताडाच्या रांगा असतात. त्याच्या पानांच्या धाग्याची झोळी विणतात, चिंचोर्रो. मीही दोन वर्षं तिच्यातच झोपले.

आणि गांडुळं! काही बाहिओंमध्ये हजारो गोल उंचवटे दिसतात, काही तर दोन मीटर उंच आणि पाच मीटर रुंद. त्यांना 'सुरालेस' म्हणतात. मी ते पाण्याच्या झिजेने झाले असणार असं रिपोर्टात लिहिलं होतं. वाटाड्या म्हणाला होता की हे किड्यांचं काम, मी ऐकलं नाही. 2016 मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने सिद्ध केलं की ते गांडुळांच्या विष्ठेचे ढीग आहेत. उथळ पाण्यात गांडूळ मातीचा मनोरा बांधून श्वास घ्यायला वर येतं, रोज त्याच जागी. आजूबाजूची माती उंचवट्यावर जाते, भोवतीचा खळगा खोल होतो. जमिनीच्या उंच-सखलपणावर माझी नोकरी चालत होती, आणि त्या मुलखात गांडुळं स्वतःची उंची स्वतः तयार करत होती.

2014 मध्ये तिथे हजारो प्राणी तहानेने मेले असं वाचलं होतं. तुम्ही त्याबद्दल एक ओळही लिहिली नाहीत. का? (पुणे)

लिहायला जमलं नव्हतं म्हणून. तुम्ही विचारलंत तर सांगते.

मार्च 2014, पास दे आरिपोरो तालुका. मी तिथून दोन-अडीच तासांवर होते, कामाचे शेवटचे आठवडे. पाऊस लांबला होता. एस्तेरो आटून डबकी उरली, डबकी आटून चिखल. आम्ही गाडी थांबवली तिथे आधी वास आला. एस्तेरोच्या तळाशी चिग्विरो पडले होते, मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. एक मादी छातीपर्यंत चिखलात रुतून मेलेली होती, चिखल तिच्याभोवती वाळून भेगाळला होता. तिची दोन पिल्लं तिच्या पाठीवर बसलेली. जिवंत होती. पलीकडे चिखलात एक फुगवटा हलत होता, ती बाबिया होती, पाठीवर वाळलेली माती घेऊन. लोक टँकरने पाणी आणून खड्ड्यांत ओतत होते.

कारणांवर मोठा वाद झाला. दुष्काळ, जास्त झालेली गुरं, भातासाठी उपसलेलं पाणी, तेलाची कामं, प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. कुठल्या एकामुळे झालं असं मी म्हणणार नाही. मी फक्त माझ्या हाताखालचं सांगू शकते. 2011 मध्ये आमच्या कामासाठी एका बाहिओवरून तीन किलोमीटरचा भराव टाकून रस्ता केला गेला. उंची एक मीटर. पुढच्या जुलैत मी त्यावर उभी होते. उजवीकडे गुडघाभर पाणी, डावीकडे ओलं गवत. पाणी जागच्या जागी चढतं आणि अगदी हळू, पसरट सरकतं. त्याला एक मीटर म्हणजे डोंगर. मी मोऱ्या टाकायला सांगितल्या, अकरा टाकल्या गेल्या. मी त्याहून बऱ्याच जास्त मागितल्या होत्या, आणि मग खर्चाचं कारण ऐकून गप्प बसले. डावीकडचा एस्तेरो त्यानंतर कधी पूर्वीसारखा भरला नाही. पास दे आरिपोरोतला मेलेला चिग्विरो त्या रस्त्यामुळे मेला असं नाही, ती जागा दूर होती. पण असे रस्ते, असे बांध, असे कालवे त्या मैदानावर किती असतील, हे मी तेव्हापासून नकाशावर पाहत आले आहे. उंचीचे आकडे माझ्याच वहीत होते. मी अधिक भांडायला हवं होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. त्या दोन पिल्लांना एका शेतकऱ्याने बादलीतून दूध पाजून ठेवलं होतं, एवढं मला कळलं.

मुलगी पक्षी-अभ्यासक आहे, तिला तिकडे जायचंय. कधी जावं आणि काय सांभाळावं? (आई, रत्नागिरी)

जानेवारी-फेब्रुवारी. पाणी आटत येतं तसे मासे डबक्यांत कोंडतात आणि पक्षी तिथे गोळा होतात. लालभडक कोरोकोरा, म्हणजे शेंदरी आयबिस, शेकड्यांनी एका झाडावर. माणसाच्या खांद्याएवढा उंच जाबिरू करकोचा. नदीकाठच्या झाडीत होआत्सिन, ज्याच्या पिल्लांच्या पंखांना नखं असतात आणि जो गाईसारखा पानं आंबवून पचवतो, त्यामुळे त्याला शेणासारखा वास येतो. रात्री आल्काराबान ओरडेल. तो आपल्या करवानकाचा भाऊबंद. तिथे घरोघरी अंगणात पाळतात, अनोळखी माणूस आला की कुत्र्याआधी तो ओरडतो. मेता नदीत गुलाबी डॉल्फिनही दिसतील.

लांब बाह्यांचे कपडे, पिवळ्या तापाची लस निघायच्या दहा दिवस आधी, आणि वाटाड्या तिथलाच. पाण्यात उतरावं लागलं तर पाऊल उचलून टाकायचं नाही. तळाशी वाळूत काटेरी शेपटीचे स्टिंगरे पडून असतात, अंगावर पाय पडला तरच मारतात. पाय तळाला घासत, हळूहळू पुढे सरकवत चालायचं, म्हणजे ते आधीच बाजूला होतात.